आसपास गावच नाही, मग वेल्समधलं शुगर लोफ स्टेशन चालू कशाला ठेवलंय? आणि तिथे एकट्याने उतरावं का?

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: उतरा, पण परतीच्या गाडीची वेळ पाहूनच. हे स्टेशन आहे तो स्वान्सी ते श्रूजबरी मार्ग साधारण 195 किलोमीटरचा, बहुतांश एकेरी रुळांचा. गाडीला जवळजवळ चार तास लागतात आणि दिवसभरात चार-पाचच गाड्या असतात. रविवारी तर दोनच. एक चुकली की पुढचे काही तास तुम्ही आणि मेंढ्या.

मी स्वान्सीला राहतो, त्यामुळे या गाडीने जाणं-येणं होतं. कंगहॉर्डीचा अठरा कमानींचा वळणदार पूल ओलांडला की गाडी 1:60 च्या चढाला लागते. मग जवळजवळ किलोमीटरभराचा बोगदा आणि बाहेर पडताच शुगर लोफ. एकच प्लॅटफॉर्म, छोटासा निवारा, बास. ना तिकीटखिडकी, ना चहा. उतरायचं असेल तर आधी गार्डला सांगून ठेवायचं. चढायचं असेल तर गाडी दिसताच हात करायचा, अगदी आपल्या 'हात दाखवा, एसटी थांबवा'सारखं. हात न करता नुसते उभे राहिलात तर गाडी निघून जाऊ शकते.

आता, ते टिकलं कसं? मुळात हा थांबा गावासाठी नव्हताच. इथल्या घरांत राहणाऱ्या रेल्वे कामगारांच्या कुटुंबांसाठी तो होता. ती घरं ओस पडली, थांबा राहिला. कुणी नसेल तर गाडी थांबतच नाही, म्हणजे खर्च जवळपास शून्य. उलट ब्रिटनमध्ये स्टेशन कायमचं बंद करायचं तर रीतसर कायदेशीर प्रक्रिया करावी लागते. एवढ्याशा प्लॅटफॉर्मसाठी ती उठाठेव कोण करणार?

खरं तर धोका अख्ख्या मार्गालाच होता. 1960च्या दशकात तोट्यातले मार्ग बंद करा असं सुचवणाऱ्या बीचिंग अहवालानंतर ब्रिटनभर ग्रामीण रेल्वेवर कुऱ्हाड चालली. हा मार्ग वाचला तो म्हणे सहा चुरशीच्या मतदारसंघांतून जातो म्हणून! वेल्सचे मंत्री जॉर्ज थॉमस यांनी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांच्या कानावर हे घातलं, असं सांगतात. मला हा किस्सा पटतो, पण नुसत्या मतांवर गाडी चालत नाही. 1972 मध्ये मार्गाला 'लाइट रेल्वे'चा दर्जा मिळाला, नियम सैल झाले, खर्च उतरला. 1980च्या दशकात क्रॉसिंगच्या ठिकाणचे सिग्नलमन गेले. आता गाडीवरचे कर्मचारीच टोकन, म्हणजे एकेरी रुळांवर पुढे जायचा परवाना, काढतात-ठेवतात आणि सगळ्यावर लक्ष असतं पॅन्टिफिननच्या एकाच सिग्नल केबिनचं.

2016-17 मध्ये शुगर लोफवर वर्षभरात अवघी 228 चढ-उतार नोंदली गेली. 'वेल्समधलं सर्वांत कमी वापराचं स्टेशन' म्हणून बातम्या झळकल्या आणि बघे इतके आले की आकडा अठराशेच्या घरात गेला. ओसाडपणाचीच जाहिरात झाली म्हणायची.

गाडी चुकलीच तर लॅनर्टिड वेल्स पाच-सहा किलोमीटरवर आहे. चिखलाच्या चरातून स्नॉर्कल लावून पोहण्याची जागतिक स्पर्धा भरवणारं गाव ते हेच. पण ए483 रस्त्यावरून चालताना जपून, गाड्या सुसाट असतात.

आणि हो, नकाशात शोधताना ॲबरगव्हेनीजवळचा शुगर लोफ डोंगर आधी येईल. तो वेगळा आणि बराच लांब.