आधी सावली, मग छप्पर, यंत्रं सगळ्यात शेवटी

तुम्ही लिहिलंय की नवं घर बांधताय, सगळ्या खिडक्यांना दुहेरी काच, गच्चीवर सौर पॅनेल आणि तीन एसी असं सुचवलं गेलंय, आणि सगळं परवडणार नाही तर यातलं काय आधी घ्यावं. जोत्याचं काम अजून सुरू झालेलं नाही, हे वाचून फार बरं वाटलं. वीज सर्वात जास्त वाचवणारे निर्णय जोत्याच्या आधीच घ्यायचे असतात, आणि ते तुमच्या यादीत नाहीतच.

तुमच्या नकाशात दिवाणखान्याची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. ती शक्य असेल तर दक्षिणेला किंवा उत्तरेला घ्या. 20 अंश उत्तर अक्षांश धरून हिशेब सांगतो. मार्च आणि सप्टेंबरच्या 21-22 तारखेला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून 70 अंश वर असतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीवरचा फक्त 45 सेंटिमीटरचा छज्जा खाली जवळजवळ सव्वा मीटर सावली टाकतो, म्हणजे नेहमीच्या मापाची अख्खी खिडकी झाकली जाते. 21 डिसेंबरला सूर्य साडेशेहेचाळीस अंशांवर उतरतो आणि तोच छज्जा जेमतेम 47 सेंटिमीटर सावली देतो. बाकीच्या काचेतून थंडीतलं ऊन आत येतं. एकदा बांधलेला छज्जा कुणी हात न लावता ऋतूप्रमाणे काम करतो. पश्चिमेला हे जमत नाही. तिथे संध्याकाळचं ऊन तिरपं, सरळ छज्ज्याखालून आत घुसतं. त्याला उभ्या पट्ट्या, झडपा, बाहेरची जाळी किंवा झाडच हवं.

आणि हो, सावली बाहेरचीच हवी. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोवर ते काच ओलांडून आलेलं असतं. पडदा तापतो आणि ती उष्णता खोलीतच सोडतो. दुहेरी काचेबद्दलही असाच गैरसमज आहे. बाहेरच्या गरम हवेतून झिरपणारी उष्णता ती साधारण निम्म्यावर आणते, पण साधी पारदर्शक दुहेरी काच थेट पडणारं ऊन बऱ्यापैकी जसंच्या तसं आत सोडते. पश्चिमेच्या सावली नसलेल्या खिडकीला तसली काच लावणं म्हणजे खर्च करून मूळ दुखणं तसंच ठेवणं.

आता छप्पर. एकमजली घरात दिवसभर सर्वात जास्त ऊन तेच खातं. उन्हाळ्यात रात्री दहा वाजता खोलीतून छताला हात लावून बघा, स्लॅब तेव्हाही गरम लागतो. दुपारची उष्णता काँक्रीटमधून खाली पोचायला काही तास घेते आणि नेमकी झोपायच्या वेळेला उतरते. काँक्रीटपेक्षा पॉलिस्टायरीनचा फोम उष्णता चाळीसेक पट कमी वाहून नेतो. पाच सेंटिमीटर फोम म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने सुमारे दोन मीटर जाड काँक्रीट! हा थर स्लॅबच्या वर घाला, खाली नको, म्हणजे स्लॅब मुळात तापतच नाही. त्यावर पांढरी फरशी किंवा लेप. ताजा पांढरा लेप बरंचसं ऊन परत फेकतो, पण धूळ बसली की गुण उतरतो, तेव्हा गच्ची धुवायची तयारी ठेवा.

एक काम मला अजून खुपतं. फोमचा थर छान बसवला होता, पण पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, कडेचा सांधा नीट बंद केला नाही. पहिल्याच पावसात पाणी आत शिरलं, फोमच्या खाली साचून राहिलं, खोलीच्या छताला ओल आली आणि वरचं सगळं उखडावं लागलं. म्हणून वॉटरप्रूफिंग आणि ते कोपरे कंत्राटदारावर सोडू नका. स्वतः उभे राहा, पाणी साठवून तपासणी करून घ्या.

पॅसिव्ह हाउसबद्दल, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत चालणाऱ्या घराबद्दल, विचारलंत. 1991 मध्ये जर्मनीत डार्मस्टाटला त्यातलं पहिलं घर उभं राहिलं. वर्षाला चौरस मीटरमागे 15 युनिटच्या आत घर गरम ठेवायचं, हा त्या मानकाचा गाभा. घर हवाबंद करून ताजी हवा यंत्राने देणं हे कडक थंडीत फार उपयोगी आहे. तुमच्याकडे वर्षातले बरेच महिने खिडक्या उघड्याच राहणार असतील तर प्रत्येक खोलीला समोरासमोर किंवा निदान दोन बाजूंनी उघडणाऱ्या खिडक्या द्या. फक्त एसीची खोली मात्र घट्ट बंद होणारी हवी.

भिंतींबद्दल थोडक्यात. केरळात काम केलेले वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी रुजवलेला रॅट-ट्रॅप बाँड, म्हणजे विटा रचायची एक पद्धत, विचारात घ्या: विटा आडव्या कडेवर उभ्या ठेवायच्या, मध्ये पोकळी राहते, विटा सुमारे चतुर्थांश कमी लागतात. अट एवढीच की गवंड्याला तो जमत असला पाहिजे. आणि जी खोली वापरात येणार नाही ती बांधूच नका. जग हवेत सोडतं त्या कार्बन डायऑक्साइडपैकी 7-8 टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो.

एवढं झाल्यावर एसीचा हिशेब नव्याने मांडा. तीनऐवजी बहुधा एक पुरेल, बाकी ठिकाणी पंखे. नेहमीचा छताचा पंखा 75 वॉट घेतो, बीएलडीसी पंखा (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) साधारण 30. पॅनेल आज घेतले नाहीत तरी चालेल, पण गच्चीपासून मीटरपर्यंत वायरसाठी रिकामा पाइप आत्ताच टाकून घ्या, आणि पाण्याची टाकी गच्चीच्या उत्तर टोकाला ठेवा, म्हणजे तिची सावली उद्याच्या पॅनेलवर सहसा पडणार नाही.