जीन हॅकमनच्या कारकिर्दीतले महत्त्वाचे टप्पे कोणते?

तुम्ही विचारलंय, "जीन हॅकमन गेल्यावर त्याच्याबद्दल बरंच वाचलं, पण सिनेमे फारसे पाहिलेले नाहीत. कारकिर्दीतले मोठे टप्पे कोणते आणि बघायला कुठून सुरुवात करू?"

ऑस्करचा हिशोब एका ओळीत संपतो. पाच नामांकनं, त्यातली दोन पदरात पडली: १९७१ च्या 'द फ्रेंच कनेक्शन'साठी मुख्य अभिनेत्याचं आणि १९९२ च्या 'अनफर्गिव्हन'साठी सहायक अभिनेत्याचं. एवढंच हवं असेल तर इथेच थांबा. मला जरा पाल्हाळ लावायचं आहे.

मी हॅकमनला पहिल्यांदा पाहिलं ते उलटं. गणपतीत आमच्या गल्लीतलं मंडळ रस्त्यात पांढरा पडदा बांधून सिनेमा दाखवायचं. पुढे मोठ्यांच्या सतरंज्या, म्हणून आम्ही पोरं पडद्यामागे बसायचो. 'सुपरमॅन' लागला तेव्हा छातीवरचा एस उलटा, गाड्या उलट्या बाजूने धावताहेत आणि विग बदलत फिरणारा एक व्हिलन सतत बडबडतोय. इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण हा गडी जे काही बोलतोय ते त्याला स्वतःला भलतंच पटलेलं आहे, एवढं मागच्या बाजूनेही कळत होतं. लेक्स लुथर म्हणजेच हॅकमन, हे कळायला मला पुढे दहा-बारा वर्षं लागली.

आता मुळापासून. जन्म ३० जानेवारी १९३०, कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनोत. लहानपण गेलं इलिनॉयमधल्या डॅनव्हिल नावाच्या आडगावी. वडील तिथल्या वर्तमानपत्राच्या छापखान्यात कामाला. जीन तेरा वर्षांचा असताना रस्त्यावर खेळत होता. वडील गाडीतून शेजारून गेले, जाताना नुसता हात हलवला, आणि घर सोडून कायमचे निघून गेले. हॅकमनने म्हातारपणी मुलाखतीत हे सांगितलं तेव्हा पुढे असंही म्हणाला की एवढ्याशा हातवाऱ्यात केवढं काही असू शकतं हे त्याला तेव्हा उमगलं, आणि कदाचित म्हणूनच तो नट झाला.

हा हात लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सोळाव्या वर्षी वय खोटं सांगून तो मरीन या अमेरिकी सैन्यदलात भरती झाला, साडेचार वर्षं काढली, चीन-जपानपर्यंत जाऊन आला. नट व्हायचं ठरवून पॅसाडिना प्लेहाऊसमध्ये दाखल झाला तेव्हा वय सव्वीसच्या पुढे, चेहरा आताच चाळिशीचा. तालुक्याच्या बँकेतल्या कर्जखात्याच्या साहेबाचा असावा तसा चेहरा. तिथे दोघांना मिळून 'यशस्वी होण्याची शक्यता सर्वांत कमी' असा शिक्का बसला. त्यातला दुसरा होता डस्टिन हॉफमन. पुढे दोघंही न्यूयॉर्कला गेले. हॉफमन काही काळ हॅकमनच्या स्वयंपाकघरात जमिनीवर झोपायचा. हॅकमन कधी दरवान, कधी सामान हलवणारा हमाल, आणि मधल्या वेळात नाटकं. १९६४ मध्ये ब्रॉडवेवर 'एनी वेन्सडे' चाललं तेव्हा कुठे जरा नाव झालं. वय चौतीस.

माझ्या हिशोबाने पहिला खरा टप्पा म्हणजे नोकरी गेली तो दिवस. १९६७ मध्ये 'द ग्रॅज्युएट'मध्ये त्याला मिस्टर रॉबिन्सनचं काम मिळालं होतं. तालमी चालू असतानाच दिग्दर्शक माईक निकल्सने त्याला काढून टाकलं. एका अर्थी बरोबरच होतं. हीरो होता हॉफमन, आणि हॅकमन त्याच्यापेक्षा जेमतेम साडेसात वर्षांनी मोठा. बापाच्या पिढीतला कसा दिसणार? पण त्याच वर्षी 'बॉनी अँड क्लाइड' आला, त्यात त्याला नट-निर्माता वॉरन बेटीने घेतलं होतं. तीनेक वर्षांपूर्वी 'लिलिथ'मध्ये दोघांचा एक छोटा प्रसंग होता, तो बेटीच्या डोक्यात राहिला होता. दरोडेखोर क्लाइडचा भाऊ बक बॅरो, म्हणजे मोठमोठ्याने हसणारा, तोच तोच विनोद सांगणारा, आतून साधा माणूस. पहिलं नामांकन याला. दुसरं १९७० च्या 'आय नेव्हर सँग फॉर माय फादर'ला. त्यातही हट्टी म्हाताऱ्या बापाशी न जुळणारा मुलगा. योगायोग म्हणा हवं तर.

मग 'द फ्रेंच कनेक्शन'. पोपाय डॉयल हा न्यूयॉर्कचा अमली पदार्थविरोधी पथकातला पोलीस, एडी इगन नावाच्या खऱ्या डिटेक्टिव्हवर बेतलेला. सगळे त्यातल्या पाठलागाबद्दल बोलतात. वर लोखंडी खांबांवरून धावणारी लोकल, खाली ब्रुकलिनच्या रस्त्यावर तिच्यामागे बेभान सुटलेली मोटार. आहेच तो भारी. पण त्या सिनेमात हॅकमनची खरी कसोटी लागली ती संशयिताला थोबाडीत मारण्याच्या प्रसंगात. इगनबरोबर फिरताना त्याने जे पाहिलं, त्याची शिवीगाळ, काळ्या लोकांकडे बघण्याची नजर, ते त्याला पचत नव्हतं. सुरुवातीच्या शूटिंगमध्ये त्याचा हात नीट पडेचना. मला बदला, दुसऱ्या कुणाला घ्या, असं तो दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला म्हणाला. फ्रीडकिनने ऐकलं नाही, तो प्रसंग नंतर पुन्हा घेतला. पडद्यावर डॉयल माणसांना भिंतीवर आपटतो तेव्हा हे आठवलं तर बघणं अवघड होतं. बघाच, पण अवघड होतं.

आणि आता तो हात. सिनेमाच्या मध्यात फर्नांडो रेने केलेला फ्रेंच तस्कर शार्निए मेट्रोच्या स्टेशनवर डॉयलला झुलवतो. शार्निए डब्यात चढला की डॉयल चढतो, तो उतरला की हाही उतरतो. शेवटी शार्निए छत्रीच्या टोकाने दार अडवतो, आत शिरतो आणि डॉयल फलाटावर राहतो. गाडी सुटते. काचेआडून शार्निए बोटं हलवून टाटा करतो. पुढे सिनेमाच्या शेवटाकडे पुलाच्या तोंडाशी पोलिसांनी रस्ता अडवलेला असतो, शार्निएची मोटार येऊन थांबते, आणि समोर उभा डॉयल तसाच हात हलवतो. हे लिहिणाऱ्यांना किंवा फ्रीडकिनला डॅनव्हिलच्या रस्त्याची कल्पना असेल असं मी म्हणत नाही. जोडाजोड माझी आहे. पण फलाटावर उभ्या डॉयलचा चेहरा बघताना मला दर वेळी तेरा वर्षांचा मुलगा दिसतो, त्याला काय करणार.

ऑस्करचा पुतळा हातात आल्यावर वर्षभरात 'द पोसायडन अॅडव्हेंचर'सारखा धंदेवाईक हिट, त्यानंतर १९७३ मध्ये अल पचिनोबरोबर 'स्केअरक्रो'. हा फ्रान्समधल्या कान महोत्सवात गाजला, अमेरिकेत आपटला. हॅकमनचं स्वतःचं आवडतं काम मात्र हेच, असं तो सांगायचा.

माझं आवडतं वेगळं. १९७४ चा फ्रान्सिस फोर्ड कपोलाचा 'द कॉन्व्हर्सेशन'. हॅरी कॉल हा दुसऱ्यांची बोलणी चोरून ध्वनिमुद्रित करणारा तज्ज्ञ. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये दुपारच्या गर्दीत फेऱ्या मारणाऱ्या एका जोडप्याचं बोलणं त्याची माणसं तीन ठिकाणांहून टिपतात. नंतर हा एकटा बसून टेपा मागे-पुढे करत एक वाक्य साफ करतो. सगळा सिनेमा त्या एका वाक्यातल्या कुठल्या शब्दावर जोर पडलाय यावर उभा आहे. आणि हॅकमन काय करतो? ऐकतो. दुसरं जवळपास काहीच नाही. पाऊस नसतानाही अंगात पातळ पारदर्शक रेनकोट, जाड चष्मा, दाराला तीन-तीन कुलपं. डॉयल जेवढा आडदांड, तेवढाच हा अंग चोरून वावरणारा. शेवटी घरात एकटा सॅक्सोफोन वाजवत बसतो, त्याच्या आधी काय होतं ते सांगत नाही. चित्रपटाला कानचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, हॅकमनला ऑस्करचं साधं नामांकनही नाही. अशा वेळी पुरस्कारांची यादी फाडून टाकावीशी वाटते.

गंमत म्हणजे त्याच वर्षी मेल ब्रुक्सच्या 'यंग फ्रँकेन्स्टाईन'मध्ये त्याने आंधळ्या साधूचं चार-पाच मिनिटांचं काम केलं. राक्षसाच्या मांडीवर गरम सूप ओततो, सिगार समजून त्याचा अंगठा पेटवतो. श्रेयनामावलीत नावही घेतलं नव्हतं. हॅरी कॉल बघून रात्री झोप येत नसेल तर हे बघावं.

१९७८ चा 'सुपरमॅन' येईपर्यंत तो बरीचशी कामं पैशांसाठी करत होता, आणि हे तो लपवत नसे. त्या वेळचा किस्सा प्रसिद्ध आहे. लेक्स लुथरला मिशी नको होती, हॅकमन काढायला तयार नव्हता. दिग्दर्शक रिचर्ड डॉनर म्हणाला, "तू काढ, मीही माझी काढतो." हॅकमनने काढली. मग डॉनरने आपल्या ओठांवरची मिशी सोलून हातात दिली. खोटी होती.

ऐंशीचं दशक चढउताराचं. त्यातले दोन बघा. 'हूझियर्स' (१९८६), इंडियानातल्या खेड्यातल्या बास्केटबॉल संघाचा तापट कोच. डॅनव्हिलपासून इंडियानाची हद्द हाकेच्या अंतरावर, त्यामुळे ती माणसं त्याला शिकायची गरज नव्हती. आणि 'मिसिसिपी बर्निंग' (१९८८), चौथं नामांकन.

नव्वदच्या आसपास हृदयाचं दुखणं झालं, आणि हिंसेचे सिनेमे नकोत असंही त्याने ठरवलं. 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स' तो स्वतः दिग्दर्शित करणार होता, तोही सोडला. 'अनफर्गिव्हन'लाही आधी नाहीच म्हणाला होता. दिग्दर्शक क्लिंट ईस्टवूडने समजूत घातली की हा सिनेमा हिंसेची मजा दाखवणारा नाही. त्यातला शेरीफ लिटल बिल डॅगेट माणसांना गावच्या रस्त्यात लाथांनी तुडवतो आणि उरलेल्या वेळात स्वतःच्या हाताने घर बांधतो. घर इतकं वाईट की छप्पर जागोजागी गळतंय. पाहुणा बसलाय, खाली भांडी ठेवलीत, आणि हा निवांत गोष्टी सांगतोय. क्रूर माणूस सुतारकामात बोंब असल्याने किती खरा वाटतो! डॉयल करताना थोबाडीत मारता न येणारा तोच नट इथे तुडवताना एकदाही डोळे मिटत नाही. मधल्या वीस वर्षांत काय बदललं असेल, यावर मी बराच विचार केला आहे. उत्तर नाही.

नंतरचं भराभर. 'क्रिमझन टाइड'मध्ये डेन्झेल वॉशिंग्टनशी पाणबुडीतली झुंज. 'एनिमी ऑफ द स्टेट'मध्ये म्हातारा हेरगिरीतज्ज्ञ, ज्याच्या सरकारी फायलीत तरुणपणीचा फोटो म्हणून 'द कॉन्व्हर्सेशन'मधलाच फोटो लावलाय. २००३ मध्ये 'रनअवे ज्युरी', ज्यात पॅसाडिनाचे ते दोघं 'नापास' पहिल्यांदा पडद्यावर समोरासमोर आले. त्यासाठी स्वच्छतागृहातला प्रसंग मुद्दाम नंतर लिहिला गेला.

शेवटचा मोठा टप्पा 'द रॉयल टेनेनबॉम्स' (२००१). वेस अँडरसनने भूमिका त्याच्यासाठीच लिहिली. माझ्यासाठी लिहू नकोस, असं हॅकमनने सांगूनही लिहिली. रॉयल हा बायकामुलांना वर्षानुवर्षं विसरलेला बाप, पैसे संपल्यावर कॅन्सरचं खोटं सांगून घरात परततो. लबाड, वेंधळा, नातवंडांना दुकानातून दूध चोरायला शिकवणारा. शेवटाकडे मोठा मुलगा त्याला हळूच म्हणतो की यंदाचं वर्ष फार वाईट गेलं, बाबा. रॉयल म्हणतो, माहीत आहे रे. दोनच वाक्यं. निघून गेलेल्या बापाचं काम निघून गेलेल्या बापाच्या मुलाने केलंय, हे माहीत असेल तर ती दोन वाक्यं पुरतात.

२००४ चा 'वेलकम टू मूसपोर्ट' केला आणि थांबला. न्यू मेक्सिकोतल्या सांता फे इथे राहिला, कादंबऱ्या लिहिल्या, परत आला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये पंचाण्णवाव्या वर्षी गेला. त्या बातम्या लोकांनी फार चघळल्या, मी चघळत नाही.

सुरुवात 'द फ्रेंच कनेक्शन'पासून करा. मेट्रो स्टेशनचा प्रसंग आला की मोबाईल खाली ठेवा. मग 'द कॉन्व्हर्सेशन', तोही हेडफोन लावून, कारण त्यातला आवाज टीव्हीच्या स्पीकरवर अर्धा हरवतो. नंतर 'अनफर्गिव्हन', आणि सगळ्यात शेवटी 'टेनेनबॉम्स'. 'सुपरमॅन' कधीही चालेल. पडद्याच्या कुठल्याही बाजूने.