उलटतपास घाईने घेऊ नकोस

नाटकात वकिलाची भूमिका मिळालीय, तर आधी आपल्या इंदूरच्या जिल्हा कोर्टात दोन दिवस मागच्या बाकावर जाऊन बस. बहुतेक खटले खुल्या कोर्टात चालतात. तिथे कुणी हातोडा आपटत नाही, की वकील साक्षीदाराच्या अंगावर धावून जात नाही. साक्षीदार बोलतो, न्यायाधीश ते टंकलेखकाला सांगतात, तोवर वकील थांबतो. तो थांबा नीट बघ. एका वकीलबाईंनी तेवढ्या वेळात नुसतं पेनाला टोपण लावलं, आणि साक्षीदाराने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. स्टेजवर मला हेच हवंय!

सरतपासात, म्हणजे वकील आपल्याच साक्षीदाराला विचारतो तेव्हा, उत्तर सुचवणारे प्रश्न सहसा चालत नाहीत; उलटतपासात, म्हणजे समोरच्या बाजूच्या साक्षीदाराला विचारताना, चालतात. म्हणून ‘तुम्ही कुठे होता?’ आणि ‘तुम्ही तिथेच होता ना?’ यांचा सूर वेगळा लागायला हवा. गाऊन, गळ्यातला पांढरा बँड कपडेपटवाले बघतील.

आणि हो, आपल्या बोलण्यात हिंदी मिसळते, ती गोडच आहे. पण ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च वेगळा, तेवढं रोज घोकत जा. उद्याच्या तालमीला उलटतपासाचा प्रवेश पाठ करून ये, साक्षीदाराची वाक्यं मी म्हणेन.