तोरणापाशी बैल का थांबतात?

प्रिय चिऊ,

पोळा पाहून आल्या आल्या तू फोनवर विचारलंस, ‘बाबा, आखरावर (गावातली गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर) बैलांसमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात ते हर्डल की ऑब्स्टॅकल? आणि बैल ते तोडून पुढे का जात नाहीत?’ तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितो.

आधी इंग्रजीचं सांगतो. वाटेत जे आडवं येतं ते ऑब्स्टॅकल. श्रावणात आजोबांची बैलबंडी काळ्या मातीत रुतते, नाल्याला पूर आला की शेतात जाता येत नाही, तसं. हर्डल म्हणजे मुळात इंग्लंडातल्या मेंढपाळांची ताटी. फांद्या विणून केलेली, उचलून हवी तिथे उभी करायची, मेंढ्या कोंडायला. शर्यतीतल्या अडथळ्यालाही पुढे तेच नाव मिळालं. पुरुषांच्या ११० मीटर शर्यतीत असे १० असतात. ते ओलांडण्यासाठीच मांडलेले असतात, उडी मारताना पाय लागून एखादा पडला तरी धावणारा बाद होत नाही.

आपलं तोरण या दोन्हींत बसत नाही. ढवळ्यानं नुसती मान झटकली तरी तुटेल ते. बैल थांबतात, कारण कासरा धरणारी माणसं थांबतात. मानाची जोडी पहिली जाते हे खरं, पण तोवर मोठ्या वाड्याची जोडी आणि दोन एकरवाल्याची जोडी एकाच तोरणाखाली उभी असते. आणि मग झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हणायची कवनं, सुरू होतात. तू ऐकल्यास ना? कापसाला भाव नाही, पाऊस दगा देतो, सावकाराचं देणं फिटत नाही, हे सगळं शेतकरी तिथे गावासमोर खड्या आवाजात म्हणतो आणि अख्खं आखर त्याला साथ देतं. वर्षभराच्या खऱ्या अडचणी बोलायला एवढी जागा दुसऱ्या कुठल्या सणात मी पाहिली नाही. पोळ्यातली हीच वेळ मला सगळ्यात प्रिय आहे. सगळं बोलून झालं की तोरण तोडतात, ‘पोळा फुटला’ म्हणतात, आणि बैल घरोघरी ओवाळून घ्यायला निघतात.

उद्या तान्हा पोळा. लाकडी बैल घेऊन जाशील तेव्हा एक झडती पाठ करून जा, आजोबांना पुष्कळ येतात. शेवटचं ‘हर बोला हर हर महादेव’ जोरात म्हण, पोरं साथ देतील. आणि आईला व्हिडिओ काढायला सांग.

तुझे बाबा