मोबाइलचा दवाखाना: लग्नाचे फोटो पुसू नका

प्रश्न: माझा फोन ६४ जीबीचा, चार वर्षांचा. पंधरा दिवस झाले, रोज सकाळी अपडेटची सूचना येते आणि दाबलं की ‘पुरेशी जागा नाही’. बसून चारशे फोटो काढून टाकले. मग बाजारातून मेमरी कार्डही आणलं. तरी तेच! मुलगा पुण्याहून सांगतो, ‘आई, सेटिंगमध्ये जा’, पण मी कुठे जाते ते त्याला दिसत नाही. आता त्याच्या लग्नाचे फोटोही काढू का?
– एक निवृत्त शिक्षिका, चिपळूण

थांबा, बाई! (शिक्षिका आहात, म्हणून ताई न म्हणता बाईच म्हणतो.) लग्नाच्या फोटोंना हात लावू नका. चोर दुसरीकडेच आहे.

आधी कार्डाचं. मी बावीस वर्षं दुरुस्तीच्या दुकानात बसलो. हे दुखणं घेऊन येणारी बरीच मंडळी आधी कार्ड विकत घेऊन मग माझ्याकडे यायची. अपडेट कार्डावर बसत नाही, त्याला फोनच्या आतलीच जागा लागते. तीसुद्धा सूचनेत लिहिली असते त्याहून जास्त, कारण आलेली फाइल गुंडाळलेली असते आणि ती उलगडायलाही जागा हवी. घराला रंग काढताना कपाटं सरकवायला अंगण लागतं, तसं. दीड जीबीचं अपडेट असेल तर मी पाच-सहा जीबी मोकळे करायला सांगतो.

तुमचे चारशे फोटो गेले कुठे? केराच्या टोपलीत. बहुतेक फोनमध्ये गॅलरीतून काढलेला फोटो ‘ट्रॅश’मध्ये महिनाभर पडून राहतो आणि तेवढीच जागा अडवतो. पंधराच दिवस झालेत, तेव्हा त्यातले हवे ते आजच परत घ्या आणि उरलेली टोपली रिकामी करा.

आता चोराकडे येऊ. व्हॉट्सअ‍ॅप उघडा, सेटिंग्ज, ‘स्टोरेज अँड डेटा’, ‘मॅनेज स्टोरेज’. वर खण दिसतील: एक पुष्कळदा फॉरवर्ड होत आलेल्या गोष्टींचा, एक ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा. खाली गटांची यादी असते, सगळ्यात जड गट सगळ्यात वर. पैज लावतो, तुमच्याकडे पहिला नंबर भजनी मंडळाचा नाहीतर माजी विद्यार्थ्यांचा असेल. पहाटेच्या सूर्याचे आणि उकडीच्या मोदकांचे व्हिडिओ बिनधास्त पुसा.

आणखी एक कोपरा सहसा कुणी झाडत नाही. तुम्ही गॅलरीतून फोटो किंवा व्हिडिओ पाठवला की त्याची एक प्रत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये साठते. गॅलरीत ती दिसत नाही. फाइल्सच्या अ‍ॅपमध्ये अँड्रॉइड, मग मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपचं फोल्डर असं आत आत गेलं की सापडते. ती पुसली तर गप्पांमधला तो फोटो तुमच्याकडे उघडणार नाही, पण मूळ फोटो गॅलरीत सुखरूप राहतो. मात्र फोनच्या सेटिंगमधून व्हॉट्सअ‍ॅपचा ‘क्लिअर डेटा’ कधीही दाबू नका. त्याने सगळ्या गप्पा जातात. ‘क्लिअर कॅशे’ चालेल.

गूगल फोटोजचं (फोटोंची एक प्रत इंटरनेटवर, म्हणजे ‘वर’, ठेवणारं अ‍ॅप) जरा बैजवार सांगतो, कारण तिथे मीच तोंडावर पडलोय. तीन वर्षांपूर्वी आमच्या सौ.ना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, ‘सगळं वर चढलंय, फोनमधलं काढून टाक.’ तिने त्याच अ‍ॅपमध्ये नातवाच्या बारशाचे फोटो निवडले आणि डिलीट केले. तिथे डिलीट म्हणजे फोनमधूनही आणि वरूनही! वर चढलेले फोटो त्यांच्या टोपलीत साठ दिवस राहतात. आमच्या लक्षात आलं तेव्हा चार दिवस उरले होते. ते चार दिवस नसते तर मी आज हे सदर लिहीत नसतो, जेवायलाही बाहेर गेलो असतो. फक्त फोनमधली प्रत काढायची तर त्यांचं ‘फ्री अप स्पेस’ वापरा. वरची फुकट जागा १५ जीबीच, आणि त्यात मेलही आले.

कार्ड वाया गेलेलं नाही. लग्नाचे फोटो त्यावर कॉपी करा, कार्डावरून दहा-बारा उघडून बघा आणि मगच फोनमधले काढा. कार्डंही मरतात, म्हणून मुलाच्या संगणकावर आणखी एक प्रत असू द्या. मग फोन एकदा बंद करून चालू करा, चार्जिंगला लावा आणि घरच्या वाय-फायवर अपडेट घ्या. पहिला दिवस फोन तापेल, जरा रेंगाळेल. घाबरू नका.

प्रश्न: वीस जीबी मोकळे आहेत. अपडेट शंभर टक्के उतरतं, मग ‘इन्स्टॉल झालं नाही’ म्हणतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.
– एक किराणा दुकानदार, जत

बॅटरी अर्ध्याच्या वर आहे ना? तारीख-वेळ आपोआप लागणारी ठेवलीय ना? तसं असेल तर उतरलेली फाइलच बिघडलेली असण्याची शक्यता जास्त. फोन बंद-चालू करा आणि दुसऱ्या वाय-फायवर नव्याने उतरवा. भाच्याने कधी फोन ‘रूट’ करून (म्हणजे कंपनीचं आतलं कुलूप काढून) दिला असेल तर मात्र अपडेट असंच अडतं. मग सगळ्याची प्रत काढून कंपनीच्या सेवा केंद्रात जा.

प्रश्न: जागा साफ करणारं क्लीनर अ‍ॅप घेऊ का?
– एक वाचक, मडगाव

नको. तेच काम सेटिंगमधला ‘स्टोरेज’ फुकट करतो, तेही जाहिराती न दाखवता.