काठावरची इंजिने आणि समुद्रतळाचा गाळ

प्रश्न : लॅरी निव्हनच्या ‘रिंगवर्ल्ड’ या विज्ञान-कादंबरीतले, आतल्या बाजूवर वस्ती असलेले अवाढव्य कृत्रिम कडे ताऱ्याभोवती स्वतःच फिरते. मग त्याला दुरुस्तीची यंत्रणा कशाला? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मुख्य दुखणे तोलाचे. कडे एका बाजूला जरा जरी सरकले, तरी ताऱ्याजवळ आलेल्या भागावरची ओढ वाढते आणि ते आणखी सरकत जाते. (अक्षाच्या, म्हणजे कड्याच्या पातळीला काटकोनातल्या, दिशेने हलले तर मात्र आपोआप परत येते.) १९७०च्या कादंबरीवर वाचकांनी हाच आक्षेप घेतला, पुढच्या भागात काठाच्या भिंतींवर इंजिने आली. ती सौरवाऱ्यातला हायड्रोजन गोळा करून इंधन म्हणून वापरतात. कड्याची एक फेरी साधारण नऊ दिवसांची, त्यामुळे प्रत्येक इंजिनाने योग्य जागी येताच जोर लावायचा आणि पुढे गेल्यावर थांबायचे. कथेत बरीच इंजिने तिथल्याच लोकांनी जहाजांसाठी काढून नेलेली असतात. घसरण सुरू होते ती तिथून.

आमच्या मते खरी अक्कल कड्यावरच्या समुद्रांच्या तळाचा गाळ वाहून नेणाऱ्या नळांत आहे. तिथे भूगर्भ नाही, म्हणून नवे डोंगर उठत नाहीत. वाहून आलेला गाळ मात्र खडकवासला धरणासारखा समुद्राच्या तळाशी बसतच राहतो. हे नळ तो कड्याच्या खालून काठाच्या भिंतीपर्यंत नेऊन वरून आत सोडतात. नळ तुंबले, की वरची सुपीक माती हळूहळू समुद्रात जाते आणि खालचा कड्याचा उघडा पृष्ठभाग दिसू लागतो.