झोपेतून जाग येते आणि छाती धडधडत असते

“मध्यरात्री दचकून जाग येते, छाती नुसती धडधडत असते. हार्ट अटॅक तर नसेल?” अलीकडे हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की एकदा लिहूनच टाकावं म्हटलं.

चाळिशीतले एक गृहस्थ माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मी आधी त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. ईसीजी, हिमोग्लोबिन, थायरॉइड झाल्याशिवाय मी धडधडीवर बोलतच नाही. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, रात्रीची दारू, संध्याकाळनंतरची कॉफी, मधुमेहाच्या औषधाने उतरलेली साखर, याचीही चौकशी झाली. सगळं ठीक. भीती मात्र जागच्या जागी.

“जाग आल्यावर आधी काय करता?”

“घड्याळात ठोके बघतो. परवा ९८ होते. मिनिटभराने पाहिलं तर ११८!”

“मधल्या मिनिटात काय झालं?”

“काही नाही. पडून होतो.”

“आणि मनात?”

जरा वेळाने म्हणाले, “मुलं लहान आहेत अजून.”

पुढच्या एका भेटीत, डॉक्टरांना विचारून, त्यांना दोन जिने चढायला लावले. धापा टाकत आले. ठोके १२६.

“भीती वाटतेय?”

“छे! जिना चढून आलो ना.”

मी काहीच बोलले नाही. ते खुर्चीत बसले, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. “म्हणजे रात्री कारण सापडत नाही, म्हणून मी सगळ्यात वाईट कारण लावून मोकळा होतो.”

हेच मी सांगितलं असतं तर त्यांनी नुसती मान डोलावली असती. अशा वेळी गप्प राहणं मला जमतं, याचा थोडा अभिमान आहे. विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे आपण लावलेला अर्थ स्वतःच तपासून पाहण्यावर, माझा भर आहे तो यासाठीच. वाढलेल्या ठोक्याला आपण अर्थ देतो, तो अर्थ घाबरवतो, आणि घाबरलं की अ‍ॅड्रिनलिन हे संप्रेरक ठोके आणखी वाढवतं. पॅनिकची, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीची, लाट स्वप्नाशिवाय, गाढ झोपेतूनही उठू शकते. साधारण दहा मिनिटांत ती शिगेला पोचते आणि मग ओसरू लागते.

त्यांचं घड्याळ आता रात्री कपाटात असतं. जाग आली तर उठून बसायचं, श्वास सावकाश, लांबवर सोडायचा, ठोके मोजायचे नाहीत. अजूनही अधूनमधून जाग येते त्यांना. पण पुन्हा झोप लागते.

मात्र धडधडीसोबत छातीत दाब किंवा दुखणं, हाताकडे-जबड्याकडे जाणारी कळ, धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणं असेल, तर ताबडतोब हॉस्पिटल गाठा. पॅनिकमध्येही यातलं काही होतं, पण तो फरक घरी बसून ठरवायचा नाही. प्रौढांचे विश्रांतीतले ठोके साधारण ६० ते १०० असतात. शांत बसूनही ते १२०च्या वर राहिले आणि उतरेनात, तरी थांबू नका. ठोके अनियमित पडत असतील, बटण दाबल्यासारखी धडधड एकदम सुरू होऊन एकदम थांबत असेल, किंवा घरात कुणी तरुणपणी अचानक दगावलं असेल, तर लवकर डॉक्टरांना दाखवा. साध्या ईसीजीत न सापडलेलं कधी कधी २४ तासांच्या होल्टरमध्ये (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र) सापडतं.

तपासण्या स्वच्छ आहेत, तरी अंथरुणाला पाठ टेकायचीच धास्ती वाटते? मग समुपदेशकाकडे या. महिनोन्‌महिने तेच रिपोर्ट पुन्हा काढत बसू नका.